इमारतीची बाह्य दुरुस्ती आणि भिंतीलगतचा वाफा : प्रकल्प नोंदी

जागा : पुणे, कोथरूड. चार मजली इमारत. काम : पोकळ प्लास्टर पाडून नवे करणे, भेगा भरणे, धुलाई, प्रायमर, रंगाचे दोन हात, ग्रिलना ऑइलपेंट. बाग : उत्तर आणि पश्चिम भिंतीलगत चार फूट रुंद आणि साधारण १३० फूट लांब वाफा. त्यात जास्वंद, एक्झोरा, अनंत, मोगरा, तगर, कढीपत्ता. पश्चिमेला तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलेली मधुमालती, कोपऱ्यात पारिजातक, पुढे हिरवळीचा पट्टा. गच्चीवर कुंड्या.

१४ ऑक्टोबर २०२४ : पूर्वपाहणी

प्रत्येक झाडाला पत्र्याचा क्रमांक बांधला. दोन फोटो : एक पूर्ण झाडाचा, एक बुंध्याचा. बुंध्याचा फोटो बहुतेक जण काढत नाहीत, आणि नंतर वाद नेमका तिथेच होतो. खोड राडारोड्यात किती गाडले गेले, दोरीने साल कुठे कापली, हे वरच्या फोटोवरून कळत नाही.

मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप; ७ च्या वर अल्क) चार ठिकाणी मोजला. एक भाग माती, अडीच भाग शुद्ध पाणी, ढवळून अर्धा तास ठेवले, पुन्हा ढवळून मीटर बुडवला. ७.७ ते ७.९. पुण्याची काळी माती मुळातच चुनखडीकडे झुकलेली, त्यामुळे जास्वंद, एक्झोरा आणि अनंत आधीच काठावर उभे आहेत. त्यात सिमेंटची भर पडली की पहिला फटका या तिघांना. तगर, कढीपत्ता बरेच सोसतात.

ठेकेदाराच्या करारात घातलेली कलमे :

माल कालवण्याची आणि भांडी धुण्याची जागा एकच, वाफ्यापासून दूर, पार्किंगच्या कडेला. तिथे २०० लिटरचे पिंप सोसायटी देईल.

वाफ्यात सिमेंटची पोती, वाळू, रंगाचे डबे ठेवायचे नाहीत.

राडारोडा रोज संध्याकाळी उचलायचा. आठवड्याने नाही.

बिलाच्या ५ टक्के रक्कम परांची उतरल्यानंतर ९० दिवस राखून ठेवायची. रंगाच्या हमीपेक्षा हे कलम बागेसाठी जास्त कामाचे, कारण मुळांचे नुकसान पानांवर दिसायला तीन-चार आठवडे सहज लागतात. काम संपल्या दिवशी झाड हिरवेच असते.

‘झाडांची काळजी घ्यावी’ असले मोघम वाक्य करारात ठेवले नाही. त्याचा उपयोग होत नाही. बादली कुठे धुवायची ते सांगितले आणि तिथे नळ दिला तर माणूस तिथे धुतो. नळ नसेल तर सगळ्यात जवळची मोकळी माती म्हणजे वाफाच.

२६ ऑक्टोबर : छाटणी आणि हलवाहलव

मधुमालती. ही वेल नव्या फुटव्यावर फुलते, त्यामुळे कडक छाटणी सोसते. जमिनीपासून पाच फुटांवर चार-पाच मुख्य खोडे ठेवून बाकी काढली. अंगठ्यापेक्षा जाड खोड वाकवायला गेलो तर साल तडकते, म्हणून जाड ती कापली आणि बारीक ती भिंतीपासून सोडवून सहा फूट पुढे बांबूच्या तिकाटण्यावर बांधली. हे काम परांचीवाले येण्याआधीच करायचे. त्यांच्या हातात कोयता असतो आणि वेल त्यांच्या वाटेत असते. मग ती जमिनीलगत एका घावात जाते.

मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) : १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. दोन्ही वेगळे भिजवून मग एकत्र, प्लास्टिकच्याच भांड्यात. त्याच दिवशी वापरायची.

मोगरा छाटला नाही. त्याची छाटणी जानेवारीअखेर, उन्हाळी बहरासाठी. आता फक्त गोणपाटाच्या पट्टीने जुड्या बांधून आत ओढला.

पारिजातकाची एक फांदी भिंतीपासून दोन फुटांवर आहे. ठेकेदार म्हणाला कापू. नाही म्हणून सांगितले. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाडाला इजा करणेही तोडीतच धरले जाते, आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. शिवाय गरजही नाही. फांदीवर गोणपाटाची घडी, त्यावर रुंद पट्टा, आणि कुंपणाच्या खांबाला ताण. तीन फूट जागा मोकळी झाली. नुसती सुतळी किंवा तार बांधली तर दोन महिन्यांत सालीत रुतते.

ठिबकच्या १६ मिमी नळ्या उचलून गुंडाळून ठेवल्या. आता पाणी हाताने. वेळापत्रक सूचनाफलकावर लावले. दुरुस्तीच्या काळात झाडे रंगापेक्षा तहानेनेच जास्त मरतात, कारण ‘खाली काम चालू आहे’ म्हणून माळीसुद्धा तिकडे फिरकत नाही.

गच्चीवरच्या कुंड्या : प्रत्येकीच्या दक्षिण बाजूला खडूने खूण. हलवल्यावर तीच बाजू दक्षिणेला. सावलीतली झाडे (फर्न, मनी प्लांट, पीस लिली) जिन्याच्या चौकात. ऑक्टोबरच्या उन्हात तासभर उघडी राहिली तरी पाने भाजतात, म्हणून हलवणे संध्याकाळी.

११ नोव्हेंबर : परांची

बांबूची परांची. उभ्या बल्ल्यांना (खांबांना) दीड-दोन फुटी खड्डे, सात-आठ फुटांवर एक. वाफा चार फुटांचा, बल्ल्यांची ओळ भिंतीपासून साडेतीन फुटांवर, म्हणजे थेट मुळांत.

मुकादमाबरोबर ओळ चालून प्रत्येक खड्ड्याची जागा चुन्याच्या फक्कीने नव्हे, खुंटीने दाखवली (फक्कीही चुनाच). जिथे झाड दोन फुटांच्या आत येत होते तिथे दोन उपाय : बल्ली फूटभर सरकवणे, किंवा वाळूने भरलेल्या पिंपात उभी करणे. कुठली बल्ली सरकवता येईल हे मुकादमच ठरवेल. त्यात बागेने आग्रह धरायचा नाही; वर माणसे चढणार आहेत.

एका जास्वंदीची करंगळीएवढी जाड मुळे खड्ड्यात तुटली. कुदळीने फाटलेली टोके धारदार कात्रीने सरळ कापली आणि वरची वाढ एक तृतीयांश कमी केली, म्हणजे उरलेल्या मुळांवरचा भार उतरतो. खत नाही. तुटलेल्या मुळांना युरिया म्हणजे जखमेवर मीठ.

येण्याजाण्याची वाट : वाफ्यावर चार इंच पालापाचोळा, त्यावर १८ मिमीचे जुने सेंट्रिंग प्लाय. काळी माती ओली असताना तुडवली तर विटेसारखी दबते आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत सुटत नाही. म्हणून कामाच्या दिवशी सकाळी पाणी नाही; संध्याकाळी काम सुटल्यावर द्यायचे.

झाडांवर फिती : लाल म्हणजे हात लावू नका, पिवळी म्हणजे बाजूला बांधा पण कापू नका. हे हिंदीत आणि चित्रासह परांचीच्या पायथ्याशी लावले. माणसे बदलत राहतात, त्यामुळे तोंडी सूचना दर सोमवारी नव्याने सांगावी लागते.

१९ नोव्हेंबर : प्लास्टर पाडणे

हातोड्याने ठोकून पोकळ आवाज येईल तेवढे पाडायचे. उत्तर बाजूचे जवळपास एक तृतीयांश प्लास्टर निघाले.

झाडांवर काय टाकायचे हा नेहमीचा प्रश्न. निळी ताडपत्री नको. उन्हात तिच्याखाली हवा कोंडते आणि पाने शिजतात; नोव्हेंबरच्या दुपारीही. इथे पाडण्याच्या तासांपुरती पहिल्या मजल्यावर परांचीलाच तिरकी जाळी बांधली, खाली गोणपाटाचा दुसरा थर. ढेकूळ जाळीवर अडकते, बारीक कच गोणपाटावर. दोन्ही संध्याकाळी झटकून रिकामे करायचे. भरलेली जाळी फाटली तर सगळे एकदम येते.

धुळीचा नियम एकच : आधी कोरडी झटका, मग भरपूर पाणी. दोन तांब्यांचा शिडकावा सर्वात वाईट. सिमेंटची धूळ थोड्या ओलीने पानावर घट्ट बसते आणि मग खरवडली तर पानच फाटते. सकाळचे दवही हेच करते, म्हणून धूळ रात्रभर पानावर ठेवायची नाही. जुन्या पाडलेल्या प्लास्टरची धूळ त्यामानाने सौम्य. नव्या कोरड्या सिमेंटची खरी दाहक.

बुंध्याशी साचलेला राडारोडा हाताने काढला. मोगऱ्याच्या दोन जाळ्या (झुडपे) सहा इंच गाडल्या गेल्या होत्या. खोडाचा जमिनीलगतचा भाग असा झाकला आणि ओला राहिला की तिथून कुज सुरू होते. फावड्याने ओढू नये, साल सोलते.

उद्या, २० तारखेला, मतदान. काम बंद, झाडे धुवायला चांगला दिवस.

२२ नोव्हेंबर : भिंतीतले पिंपळ

सज्जाखाली आणि ड्रेनेज पाइपमागे पिंपळाची रोपे. मुकादमाचा रिवाज म्हणजे कापायचे आणि वरून ॲसिड ओतायचे. थांबवले. ॲसिड सिमेंट खाते, आतल्या गजाला गंज लावते, आणि उरलेले भिंतीवरून थेट खालच्या अनंतावर उतरते. मूळ तर खोल भेगेत जिवंतच राहते.

योग्य क्रम : भेग उघडायची, मूळ जेवढे येईल तेवढे ओढून काढायचे. न येणाऱ्या बुडख्याला छिद्र पाडून ताज्या कापावर ब्रशने तणनाशक लावायचे, काही थेंब पुरतात. फवारणी नाही. २०२२ पासून ग्लायफोसेटचा वापर कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांपुरता मर्यादित आहे, तेव्हा ते काम त्यांच्याकडूनच करून घेतले. बुडखा वाळल्यावरच भेग भरायची.

२ डिसेंबर : नवे प्लास्टर आणि क्युरिंगचे पाणी

रंगाचे थेंब सगळ्यांना दिसतात, क्युरिंगचे पाणी कोणाला दिसत नाही. नव्या प्लास्टरवर किमान सात दिवस पाणी मारायचे असते. ते भिंतीवरून उतरताना चुना विरघळवून आणते आणि वाफ्याच्या मागच्या, भिंतीलगतच्या फूटभर पट्ट्यात मुरते. ताज्या सिमेंटच्या पाण्याचा सामू १२ च्या वर असतो. सात दिवस, दिवसातून तीनदा.

उपाय स्वस्त आहे आणि आधी केला तरच उपयोगी : भिंतीच्या पायथ्याला, जमिनीपासून सहा इंचांवर, जाड प्लास्टिकची पट्टी चिकटपट्टीने लावून तिचे दुसरे टोक पुढे उतरत्या पन्हळीसारखे, शेवट गटाराकडे. उत्तर बाजूला लावली. पश्चिमेला पारिजातकाजवळ पन्हळ बसत नव्हती, तिथे नुसती माती झाकली. पाइप सोडून पाणी मारण्याऐवजी ओले गोणपाट भिंतीला लटकवले तर पाणीही निम्मे लागते, पण गवंड्यांना ते कटकटीचे वाटते. खालच्या दोन मजल्यांपुरते मान्य झाले.

गंजलेल्या गजांना गंजनाशक लावले. ते आम्लधर्मी असते. ब्रशने लावताना खाली घमेले धरले.

१६ डिसेंबर : लक्षणे

उत्तर बाजू, पन्हळ लावलेली : सामू ७.९ ते ८.०. पश्चिम बाजू, न लावलेली : भिंतीलगत ८.९, दोन फुटांवर ८.२.

पश्चिमेच्या दोन जास्वंदी आणि एक्झोराची नवी पाने पिवळी, शिरा हिरव्या. लोहाची कमतरता; माती लोहहीन नाही, पण चुन्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही. लक्षण नव्या पानांवर येते हे महत्त्वाचे. जुनी पाने पिवळी पडत असतील तर कारण दुसरे, बहुधा पाण्याचे.

पाहताना उपयोगी पडणारे आणखी काही : जुन्या पानांच्या कडा करपणे म्हणजे क्षार किंवा ब्लीच. माती ओली असूनही संपूर्ण झाड मलूल म्हणजे मूळ तुटले, किंवा कोणीतरी थिनर ओतले. अनंताच्या कळ्या गळणे म्हणजे यांपैकी काहीही; त्याच्यावरून निदान करू नये.

व्हिनेगर ओता, लिंबू पिळा अशा सूचना आल्या. चुनखडीच्या मातीत त्याने दोन दिवसही फरक राहत नाही. जिप्समही नको, तो चोपण (सोडियम साचलेल्या) जमिनीचा उपाय, इथे कॅल्शियम आधीच जास्त आहे. मोकळा चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुनखडी होतो आणि सामू आपोआप साधारण ८.३ पर्यंत उतरतो, पण त्याखाली जात नाही. तिथून पुढे माती बदलणे हाच मार्ग, आणि तो परांची उतरल्यावर. तोवर ईडीडीएचए प्रकारचे चिलेटेड लोह (चुन्यात अडकू नये म्हणून संयुगात बांधलेले), मध्यम झुडपाला ५ ग्रॅम, पाच लिटर पाण्यात, आळ्यात ओतून लगेच मातीने झाकले. दुकानदार ईडीटीए प्रकारचे देतो, ते स्वस्त असते. पण एवढ्या सामूला ते टिकत नाही.

६ जानेवारी २०२५ : धुलाई

जेट मशीन आणि शेवाळासाठी सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीचचे द्रावण). बाजारात ते १० टक्क्यांच्या आसपास मिळते, पातळ करून वापरायचे. गंजनाशकाचे डबे त्याच खोलीत होते, ते आधी हलवले : आम्ल आणि हायपो एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो.

आज पाण्याचा नियम उलटा. धुलाईच्या आधी वाफा गच्च भिजवला आणि पाने ओली केली, म्हणजे ओघळ आला तरी पातळ होतो. झाडे प्लास्टिकने झाकली, पण एका वेळी एकच पट्टा, आणि धुवून झाल्यावर लगेच प्लास्टिक काढून साध्या पाण्याने खालपर्यंत खळखळून धुतले. काम सकाळी आठ ते अकरा. प्लाय आज उचलून ठेवले आणि वाफ्यात कोणी उतरणार नाही असे ठरले.

जेटचा झोत पारिजातकाच्या सालीला लागता कामा नये. तो साल सरळ सोलतो. त्या बाजूची भिंत तारेच्या ब्रशने हाताने घासली.

मधुमालतीच्या बांधलेल्या खोडांची काही टोके करपली. कापली. पुन्हा फुटेल.

२० जानेवारी : प्रायमर, रंग

पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग. ओला थेंब ओल्या फडक्याने अर्ध्या तासात पुसला जातो. वाळला की हात लावायचा नाही. जाड गुळगुळीत पानावरची पापडी स्वतःच सुटते. लवदार पानावरची सुटत नाही, तिथे निम्म्याहून जास्त पान झाकले असेल तरच पान काढावे. खोडावरचे चार ठिपके निरुपद्रवी आहेत. ते तारेच्या ब्रशने घासून काढणाऱ्यांनी रंगापेक्षा मोठे नुकसान केलेले असते.

ब्रश आणि रोलर धुण्याचे पिंप भरले. वरचे पाणी गाळ बसल्यावर गटारात, वाफ्यात नाही. तळाचा गाळ वाळवून कचऱ्यात. दिवसातून एकदा पिंपाकडे आणि एकदा वाफ्याच्या मागच्या कोपऱ्याकडे पाहायचे. कोपऱ्यात पांढुरका ओघळ दिसला तर कुणीतरी जिना उतरायचा कंटाळा केला आहे.

मोगऱ्याची छाटणी आता उरकली, जमिनीपासून फूटभर ठेवून.

३ फेब्रुवारी : ग्रिल

रेड ऑक्साइड आणि ऑइलपेंट, म्हणजे सोबत थिनर म्हणून टर्पेंटाईन. हेच सर्वात धोक्याचे आणि याकडेच सर्वात कमी लक्ष, कारण काम लहान असते. पश्चिमेला एका एक्झोराच्या आळ्यात थिनर ओतलेले सापडले, वासावरून कळले. पाणी टाकून ते जात नाही, खोल ढकलले जाते. फूटभर खोलीपर्यंत माती उपसून नवी भरली. झाड वाचेल असे वाटत नाही.

उरलेल्या ऑइलपेंटने पारिजातकाच्या बुंध्याला पट्टे मारून देण्याची रंगाऱ्याने स्वखुशीने तयारी दाखवली. गेरू आणि चुना वेगळा, ऑइलपेंट वेगळा. नम्रपणे नकार.

१७ फेब्रुवारी : परांची उतरली, संयुक्त पाहणी

बल्ल्या सोडताना वरून टाकायच्या नाहीत, दोरीने उतरवायच्या. शेवटच्या दिवशी घाई असते आणि चार महिने जपलेली फांदी तेव्हाच तुटते. तगरीची एक गेली.

क्रमांकांनुसार फोटो जुळवले. मृत : थिनरचा एक्झोरा, आणि बुंधा कुजलेली एक मोगऱ्याची जाळी. आजारी : पश्चिमेच्या दोन जास्वंदी, एक अनंत. हिरवळीत जिथे वाळू टाकली होती तिथे गाडीएवढा चट्टा. यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या.

बल्ल्यांचे खड्डे राडारोड्याने बुजवले होते, वरून मातीचा हात. सगळे पुन्हा उकरून शेणखत मिसळलेल्या मातीने भरून घेतले.

१० मार्च : माती

पश्चिमेचा भिंतीलगतचा फूटभर पट्टा, वरची तीन इंच माती काढली. पांढरट थर नजरेला दिसतो. खाली मुळे असल्याने खुरप्यानेच. नवी भर : दोन भाग पोयटा (गाळाची माती), एक भाग जुने शेणखत. हिरवळीच्या चट्ट्यावर पहारेने फूटभर अंतरावर आठ-नऊ इंच खोल भोके पाडून त्यात गांडूळखत. बदलल्यावर सामू ८.१.

उरलेल्या मोगऱ्याच्या मुळांशी ट्रायकोडर्मा (कुज रोखणारी उपयुक्त बुरशी) दिला. ज्या आळ्यात मोरचुदाचे पाणी गेले आहे तिथे तो देऊ नये, तांब्याने मरतो.

जास्वंदीवर हिराकस (लोहाचे सल्फेट) फवारणी ठरली होती (लिटरला ५ ग्रॅम, १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड). रद्द केली. हिराकसाचा तुषार नव्या रंगावर पडला तर गंजाचे तांबूस डाग पडतात आणि ते निघत नाहीत. भिंतीपासून सहा फुटांच्या आत लोह फक्त आळ्यातून.

ठिबक परत जोडले. आधी टोकाच्या बुचा काढून पाणी सोडले. नळ्यांतून कच निघाली. बंद पडलेले ड्रिपर साफ करत बसण्यापेक्षा नवे टाकले.

२८ एप्रिल

जास्वंदींची नवी पाने हिरवी. आधी पिवळी झालेली पाने तशीच राहतात, ती मोजायची नाहीत. मधुमालतीला सात-आठ फुटांचे फुटवे. भिंतीवर थेट न चढवता चार इंच सोडून तारेची चौकट लावली, पुढच्या रंगकामाला ती वेलीसकट पुढे झुकवता येईल अशी बिजागरीवर. अनंत अजून पिवळा.

राखीव रकमेतून एक्झोरा, मोगरा, हिरवळ, माती आणि मजुरी वजा करून हिशेब ठेकेदाराला पाठवला. तगरीची फांदी धरली नाही.

२३ जून

यंदा पाऊस मे अखेरीसच आला, लावणी लवकर उरकली. मेलेल्या एक्झोराच्या जागी पुन्हा एक्झोरा नाही, कढीपत्ता. ती जागा आणखी काही वर्षे चुनखडीचीच राहणार. अनंत उपटून मोठ्या कुंडीत हलवला, पोयटा, कोकोपीट आणि शेणखताच्या मिश्रणात. हिरवळीच्या चट्ट्यावर लॉनचे तुकडे बसवले. पश्चिमेचा सामू पुन्हा ऑक्टोबरमध्ये, पावसाने माती धुतल्यावर मोजायचा.